पेपर मागे घेतला, पण रेफरन्समधून हलला का?

ठाण्यात कुणाच्या आजीचं खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं की दुसऱ्या रात्री घरच्यांचा फोन येतोच, आजी काहीतरीच बडबडतेय, सलाईन उपटतेय, पोराला ओळखत नाहीये. हा डिलिरियम, म्हणजे अचानक आलेला भ्रम. भूल खोल गेली म्हणून होतो का, गुंगी कमी ठेवली तर टळेल का, यावर वर्षानुवर्षं अभ्यास चाललेत, आधीचे काही लहान अभ्यास म्हणत होते टळतो, मग २०१९ ला अमेरिकेतली १,२३२ पेशंटांची ट्रायल आली, ईईजी (मेंदूच्या लहरी) बघून भूल हलकी ठेवली तरी डिलिरियम २६ टक्के आणि नेहमीच्या पद्धतीत २३. इतक्या काठावरच्या प्रश्नात एक खोटा पेपर, म्हणजे बनावट आकड्यांचा शोधनिबंध, सगळ्या अभ्यासांच्या बेरजेत राहिला तरी उत्तर फिरू शकतं.

आणि खोट्या पेपरांच्या बाबतीत भूलशास्त्राचं रेकॉर्ड लाजिरवाणंच आहे. २००९ ला अमेरिकेचा भूलतज्ज्ञ स्कॉट रूबेन पकडला गेला, ऑपरेशननंतरच्या दुखण्यावरचे त्याचे २१ पेपर बनावट, पुढे जेलही झाली. जपानच्या योशिताका फुजीचे तर १७० च्या वर मागे घेतले गेले. पण खरं नुकसान दिसतं ते जर्मनीच्या योआखिम बोल्टच्या केसमध्ये. स्टार्चचं सलाईन सेफ आहे असं त्याचे पेपर सांगायचे, २०१३ ला सगळ्या ट्रायल्स एकत्र करून त्यातून त्याच्या ७ काढल्या, तर त्याच स्टार्चने मृत्यू वाढतात हे समोर आलं. म्हणजे तोवर त्याच्या आकड्यांनी ते झाकून ठेवलं होतं!

तरी हे पेपर मरत नाहीत. रूबेनचे पेपर मागे घेतल्यावर पाच वर्षांनी तपासलं तर ते वापरणाऱ्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यानेच ते रद्द झाल्याचं लिहिलेलं. कारण साधंय, रद्दचा शिक्का बसतो जर्नलच्या साइटवर, आधीच डाउनलोड केलेली पीडीएफ कोरीच राहते.

आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईत एमडी करणारी पोरं ती पीडीएफ सिनियरकडून व्हॉट्सअ‍ॅपवर घेतात, बरेचदा तीपण नाही, जुन्या थिसिसमधली रेफरन्स लिस्टच उचलतात. खरंतर पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपर शोधायच्या साइटवर, पेपरचं नाव टाकलं की रद्द झाल्याची पट्टी वरच दिसते, रेफरन्स सांभाळणारं झोटेरो सॉफ्टवेअर २०१९ पासून स्वतःहून लाल खूण दाखवतं, रद्द पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस २०२३ पासून क्रॉसरेफ या संस्थेकडे सगळ्यांना फुकट आहे. पण सबमिशनच्या आदल्या रात्री कोण उघडतंय, आणि गाइड तपासणार काय तर फॉन्ट नि रेफरन्स लिहायची व्हँकूवर स्टाइल.