सबसिडी जमा झाली, मग आता आकडे कशाला मागता?

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम), मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम किंवा पीएमएफएमई (छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना), यांपैकी कुठल्याही योजनेची फाइल ज्यांनी आमच्यामार्फत केली आहे किंवा करायची आहे, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. टक्के किती, कागद कोणते, बँक कोणती, हे तुम्हाला ठाऊक असतंच. नसेल तर ऑफिसात येऊन विचारा. इथे फक्त एका गोष्टीबद्दल सांगायचं आहे, कारण लातूर असो की औसा, उदगीर असो की कळंब, सगळीकडून तोच प्रश्न येतो.

मशीन (बहुतेकांचं दालमिलचं) बसतं, धंदा सुरू होतो. वर्षभरानं आमच्या ऑफिसातून फोन जातो : मागच्या हंगामात किती क्विंटल भरडलं? माणसं किती दिवस कामाला होती? लाइट बिलं ठेवली आहेत का? त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "साहेब, आपलं काम झालं की. आता हे कशाला उकरून काढता?"

काम झालेलं नसतं. गावातल्या एखाद्या ताईंनी पीएमईजीपीत 10 लाखांचा प्रकल्प केला, तर 35 टक्के म्हणजे साडेतीन लाख मार्जिन मनी, म्हणजे अनुदान, येतं. पण ते तुमच्या हातात किंवा थेट कर्जात येत नाही. तीन वर्षं ते बँकेत वेगळ्या ठेवीत पडून राहतं. त्यावर तुम्हाला व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या रकमेवर बँकही व्याज लावत नाही. तीन वर्षांनी, उद्योग जागेवर चालू आहे याची पडताळणी झाली, की ती रक्कम कर्जात वळती होते. पीएमएफएमईतही तीन वर्षांनी कर्जखातं नियमित आहे का आणि उद्योग चालू आहे का, हे पाहूनच अनुदान कर्जात जमा करतात. म्हणजे पेढे वाटले त्या दिवशी तुमची परीक्षा सुरू झालेली असते.

विचारणारे दोन, आणि दोघांचं काम वेगळं

पहिला येतो तो पडताळणीवाला. तो जागा पाहतो, मशीन पाहतो, बोर्ड पाहतो, फोटो काढतो, जागेची नोंद मोबाइलवर घेतो. त्याला एवढंच पाहायचं असतं की पैसे ज्या कामाला दिले ते काम तिथं आहे की नाही.

दुसरा येतो तो मूल्यमापनवाला. तो बहुधा बाहेरच्या संस्थेचा असतो, हातात लांबलचक प्रश्नावली असते. त्याला तुमच्या एकट्या मिलशी फारसं देणंघेणं नसतं. सरकारनं एवढे पैसे ओतले, त्यातून खरोखर काय वाढलं, याचं उत्तर त्याला शोधायचं असतं. तुमचं अनुदान ठेवायचं की काढायचं हे त्याच्या हातात नसतं. आमचे निम्मे ग्राहक या दुसऱ्या माणसाला पहिला समजून घाबरतात, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक

प्रश्नावली हातात पडली की माणूस कपाटातून प्रोजेक्ट रिपोर्ट काढतो आणि त्यातले आकडे जसेच्या तसे उतरवतो. रिपोर्टात रोजगार 10 लिहिलेत, म्हणून फॉर्मवरही 10. रिपोर्टात दुसऱ्या वर्षाची विक्री 48 लाख आहे, म्हणून फॉर्मवरही 48 लाख. कमी लिहिलं तर सबसिडी परत मागतील, ही भीती.

अहो, प्रोजेक्ट रिपोर्ट हा अंदाज असतो. तो आम्हीच बनवलेला असतो आणि बँकेला परतफेडीचं गणित दिसावं म्हणून बनवलेला असतो. पुढच्या वर्षी पाऊस किती पडेल, तूर कितीला जाईल, हे आम्हाला तरी कुठं माहीत होतं? तो अंदाज प्रत्यक्षाच्या रकान्यात गेला की कागद आपसात भांडायला लागतात. उद्यम नोंदणीत (लघुउद्योगांची सरकारी ऑनलाइन नोंदणी) तुम्हीच कामगार 3 लिहिलेले असतात. तिथली विक्री आणि गुंतवणूक तर पॅन-जीएसटीच्या जोडणीतून आपोआप येते. आयटी रिटर्नमध्ये विक्री 19 लाख, आणि प्रश्नावलीत 48. मग फोन येतो, तुम्ही आमच्याकडे धावता, आम्ही सीएंकडे धावतो, आणि हंगामाच्या ऐन भरात चार दिवस खुलाशाचं पत्र लिहिण्यात जातात. 19 लाख खरे लिहिले असते तर कुणी काही विचारलंही नसतं. पडताळणीत अंगलट येतो तो विसंगत आकडा, कमी आकडा नव्हे.

रुपयांवर विसंबू नका, क्विंटल लिहा

आपल्याकडे ग्राहक जास्त दालमिलचे, म्हणून उदाहरण डाळीचं घेतो. 2015 च्या अखेरीस तूरडाळ किरकोळ बाजारात 200 रुपये किलोच्या घरात गेली होती. 2016-17 च्या हंगामात मात्र इतकी तूर आली की क्विंटलला 5,050 रुपयांचा हमीभाव असताना बाजारात त्याखाली विकावी लागली. खरेदी केंद्रांबाहेरच्या ट्रॅक्टरच्या रांगा अजून सगळ्यांना आठवतात.

आता समजा, एका मिलनं दोन्ही वर्षी 800 क्विंटलच तूर भरडली. डाळ निघाली 576 क्विंटल. पहिल्या वर्षी ती ठोक 150 रुपये किलोनं गेली, तर विक्री 86 लाखांवर. दुसऱ्या वर्षी 65 नं गेली, तर साडेसदतीस लाखांच्या आत. कागदावर धंदा निम्म्याहून खाली आला. प्रत्यक्षात मिल तेवढीच फिरली, हमालानं तेवढीच पोती उचलली. उलटंही होतं : भाव चढतो, विक्री फुगते, आणि मदतीमुळे प्रगती झाली असं सगळे म्हणतात. ती प्रगती भावाची असते.

भरडाई करणाऱ्या मिनी दालमिलचं तर आणखी वेगळं. तूर शेतकऱ्याची, डाळही त्याचीच, तुम्हाला मिळते क्विंटलमागे मजुरी, आणि ठरलं असेल तर चुणी (भरडताना निघणारा चुरा). काही जण शेतकऱ्याच्या डाळीची किंमत आपल्या विक्रीत धरून मोकळे होतात. तसं करू नका. मजुरी हीच तुमची विक्री, आणि भरडलेले क्विंटल हे तुमचं काम. दोन्ही वेगवेगळे लिहा.

सुट्या, लेबल नसलेल्या डाळीवर जीएसटी नाही, म्हणून अनेकांकडे जीएसटीची रिटर्न्सही नसतात. मग पुरावा काय? महावितरणचं बिल. आम्ही रक्कम बघत नाही, युनिट बघतो. मोटर चालल्याशिवाय युनिट पडत नाही. बारा महिन्यांची युनिटं आणि बारा महिन्यांचे क्विंटल शेजारी मांडले, की उद्योग किती चालला हे कुणालाही वाचता येतं. ज्या महिन्यात युनिटं घसरली त्या महिन्यासमोर कारण लिहून ठेवा : ट्रान्सफॉर्मर जळाला, आवक नव्हती, घरात लग्न होतं, जे असेल ते.

आणखी एक. जुन्या घरांत अजून दिवाळी ते दिवाळी वही चालते. लक्ष्मीपूजन त्याच वहीचं करा, पण आम्हाला आकडे एप्रिल ते मार्चचे द्या.

"माणसं किती?" याला एक उत्तर नसतं

हंगामात सहा बाया शंभर-शंभर दिवस निवडायला आल्या, एक हमाल दीडशे दिवस, आणि ऑपरेटर वर्षभर. डोकी मोजली तर आठ. वर्षाचे कामाचे 300 दिवस म्हणजे एक पूर्ण रोजगार असं आम्ही धरतो. त्या हिशेबानं बाया मिळून 2, हमाल अर्धा, ऑपरेटर 1, म्हणजे साडेतीन. आठही खरे आणि साडेतीनही खरे. फॉर्ममध्ये जे विचारलंय ते लिहा आणि दुसरा आकडा शेरा म्हणून द्या. घरच्यांनी केलेलं कामही वेगळं दाखवा. वहिनी सकाळ-संध्याकाळ पॅकिंगला बसतात आणि हिशेबात त्यांचं नावच नसतं, हे आम्ही घरोघरी पाहतो.

ऑपरेटर आधी कुठे होता, हेही मूल्यमापनवाला विचारतो. शेजारच्या मिलमधून तुम्ही त्याला दोन हजार जास्त देऊन आणला असेल, तर तुमच्या मिलमध्ये एक नोकरी वाढली, तालुक्यात वाढली नाही. खरं सांगा. यात तुमचा काहीही गुन्हा नाही.

"सबसिडी नसती तर काय केलं असतं?"

हा प्रश्न आला की सगळे एकच उत्तर देतात : "काहीच केलं नसतं." सरकारला बरं वाटेल म्हणून. पण बहुतेकांच्या बाबतीत ते खरं नसतं. कुणी तीन वर्षांनी केलं असतं, कुणी जुनं मशीन घेतलं असतं, कुणी पाव्हण्याकडून व्याजानं पैसे उचलले असते. "दोन वर्षं उशिरा आणि निम्म्या क्षमतेचं केलं असतं" हे उत्तर विचारणाऱ्याला हवं असतं, कारण मदतीचा खरा परिणाम तेवढाच : वाचलेली दोन वर्षं आणि वाढलेली निम्मी क्षमता.

डेव्हिड स्टोरी नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं लघुउद्योगांना दिलेल्या सरकारी मदतीच्या मोजमापाच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या तीन अशा : किती जणांनी लाभ घेतला, त्यांना योजना कशी वाटली, त्यांच्या मते काय फरक पडला. याला तो नुसती देखरेख म्हणतो. खरं मोजमाप पुढच्या तीन पायऱ्यांत : इतर उद्योगांशी तुलना, मग वय, धंदा, ठिकाण अशा बाबतींत जुळणाऱ्या उद्योगांशी तुलना, आणि शेवटी, निवडलेले लोक मुळातच हुशार होते का, याची वजावट. आपल्याकडे "लक्ष्यांक शंभर टक्के पूर्ण" अशी बातमी आली की गाडी पहिल्या पायरीवरच थांबते. बंद पडलेल्या मिलचं नाव यशोगाथेत येत नाही, आणि म्हणूनच ती का बंद पडली हे कुणाला कळत नाही. तुमचा धंदा थांबला असेल तर आम्हाला तरी कळवा.

नामंजूर झालेल्यांनाही आम्ही फोन का करतो

यावर लोक चिडतात, आणि ते बरोबरही आहे. "बँकेनं नाही म्हटलं, वर तुम्ही विचारता धंदा कसा चाललाय!" पण तुलना करायची तर त्यांच्याशीच करावी लागते. 2015-16 च्या दुष्काळात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी, सगळ्यांचेच आकडे कोसळले होते. पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि सगळ्यांचे वर आले. दुष्काळाच्या वर्षी मशीन घेतलेल्यानं नुसतं आधी-नंतर दाखवलं तर सगळं श्रेय सबसिडीला जाईल. बिनसबसिडीची शेजारची मिलही तेवढीच वाढली असेल, तर फरक पावसाचा.

अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, ज्यांना 2019 चं नोबेल मिळालं, त्यांनी आपल्याच देशात हे तपासलं होतं. 1998 मध्ये प्राधान्य कर्जासाठी (बँकांनी ठरावीक क्षेत्रांना द्यायचंच असं कर्ज) लघुउद्योगाची यंत्रसामग्रीतल्या गुंतवणुकीची मर्यादा 65 लाखांवरून 3 कोटी झाली आणि 2000 मध्ये पुन्हा 1 कोटीवर आली. त्यांनी नव्यानं पात्र झालेल्या उद्योगांची तुलना आधीपासून पात्र असलेल्यांशी केली. नव्यांचं कर्ज वाढलं तशी विक्रीही वाढली. स्वस्त कर्ज घेऊन जुनं फेडलं, एवढाच प्रकार नव्हता. त्यांना पैशाची खरी चणचण होती. शेजारी ठेवायला दुसरा गट होता, म्हणून हे सांगता आलं.

आमची पद्धत

फाइल ऑनलाइन टाकण्याआधी आम्ही एक पान भरून घेतो. आमच्याकडे त्याला "आधीचा कागद" म्हणतात. विस्तारीकरण असेल तर मागच्या बारा महिन्यांचे क्विंटल, युनिटं, माणूस-दिवस, विक्री आणि बाहेरची देणी. नवा उद्योग असेल तर तुम्ही आधी काय करत होता, वर्षाला किती सुटत होते, आणि गावातली तूर आतापर्यंत कुठं भरडायला जायची. हे पान भरल्याशिवाय आम्ही फाइल पुढे सरकवत नाही. त्यात दोन-तीन दिवस जातात, आणि काही जण वैतागून "एका दिवसात अर्ज"वाल्या एजंटाकडे जातात. जाऊ द्यात. पण तीन वर्षांनी तेच आमच्याकडे येऊन म्हणतात, आधीचे आकडे बनवून द्या. ते आम्ही बनवून देत नाही. तेव्हा लिहिलेले असतील तरच मिळतात.

आकडे धरून ठेवण्यात तुमचा सरळ फायदाही आहे. पीएमईजीपीत पहिलं कर्ज वेळेत फेडलं आणि उद्योग नफ्यात असला, तर वाढीसाठी दुसरं कर्ज मागता येतं. उत्पादन उद्योगासाठी ते 1 कोटीपर्यंतच्या प्रकल्पाला आहे, त्यावर 15 टक्के अनुदान. तेव्हा बँक मॅनेजर प्रोजेक्ट रिपोर्ट नंतर उघडतो, आधी मागच्या तीन वर्षांचं काम बघतो.

ज्यांची फाइल आमच्यामार्फत झाली, त्यांची महिन्याची नोंद आम्ही तीन वर्षं वेगळी फी न घेता ठेवतो. दर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत लाइट बिलाचा आणि हजेरीच्या पानाचा फोटो ऑफिसच्या व्हॉट्सअॅपवर पाठवा, आणि खाली क्विंटलचा आकडा टाका. बाहेरच्यांची फाइलही सांभाळतो, फी समोर बसून ठरवू. मूल्यमापनवाल्याची प्रश्नावली आली असेल तर स्वतः भरण्याआधी एकदा दाखवा, आणि येताना प्रोजेक्ट रिपोर्ट घरीच ठेवा. आयटी रिटर्न, उद्यमचं प्रमाणपत्र, वर्षाची लाइट बिलं आणि हजेरीची वही एवढं आणलं तरी पुरे.