काट्यावर एक बार, सिलिंडरमध्ये किती?

एक बार बूस्ट म्हणजे दुप्पट हवा, आणि दुप्पट हवा म्हणजे दुप्पट ताकद. बूस्ट म्हणजे टर्बो हे हवा कोंबणारं यंत्र इंजिनात जाणाऱ्या हवेला देतं तो जादा दाब, आणि एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेच्या दाबाइतका. टर्बोची गाडी हातात आली की हे गणित माणूस पहिल्याच आठवड्यात मांडतो. मीही मांडलं होतं. ते कच्चं आहे हे कळलं खंबाटकी घाटात. मे महिना, दुपारचे दोन, पुढे सिमेंटच्या ट्रकांची रांग. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला एक स्वस्तातला स्कॅनर लावून मी मोबाइलवर आकडे बघत बसलो होतो. बाहेर ३८ अंश, आणि इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान ६१. रस्ता मोकळा झाल्यावर पाय दाबला. बूस्ट रोजच्याइतकाच दिसत होता, पण गाडी ओढेना. तीन-चार किलोमीटर चांगल्या वेगात गेल्यावर आकडा ४७ वर उतरला, आणि तेवढ्याच बूस्टला तीच गाडी नीट पळायला लागली.

म्हणजे दाब तोच होता. हवा कमी पडत होती.

इंजिनाला पेट्रोल पाजणं सोपं असतं, मोठे इंजेक्टर लावले की झालं. अडतं ते हवेपाशी. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. तीनशे हॉर्सपॉवर देणारं पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना सेकंदाला साधारण २२५ ग्रॅम हवा खातं. ऐकायला फुटकळ वाटतं, पण आकारमानात बघा: चाळीत पाणी भरून ठेवायचा निळा ड्रम असतो ना, २०० लिटरचा? तसा एक ड्रमभर हवा, दर सेकंदाला एक. दीड-दोन लिटरच्या इंजिनाने एवढी हवा नुसत्या पिस्टनच्या ओढीने घेणं शक्य नाही. ती बाहेरून कोंबावी लागते.

कोंबण्याचं काम टर्बो करतो. कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. सिलिंडरमधून बाहेर पडणारा जळका वायू पेट्रोल इंजिनात ९०० ते १००० अंशांपर्यंत तापलेला असतो. तो सायलेन्सरकडे जाता जाता एका चाकावर सोडायचा, आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाच्या चाकाने ताजी हवा ओढून दाबायची. शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो, आणि बहुतेक गाड्यांत तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद करू नको, मिनिटभर चालू ठेव, असं जुने ड्रायव्हर बजावतात त्याचं कारण हेच. तेलाचा प्रवाह थांबला की तापलेल्या बेअरिंगमध्ये अडकलेलं तेल करपतं आणि त्याचा कोळसा धरतो.

पहिली मोठी परीक्षा अमेरिकेत १९१८ मध्ये झाली. सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं लिबर्टी इंजिन ट्रकवर घालून पाइक्स पीक या डोंगराच्या माथ्यावर, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर नेलं. समुद्रसपाटीला ३५० हॉर्सपॉवर देणारं ते इंजिन तिथल्या विरळ हवेत २३० वर आलं होतं. टर्बो जोडल्यावर ३५६ झाले.

तर दाबण्याबद्दल. सायकलचा पंप जोरात मारल्यावर त्याचं तोंड चटका देतं हे सगळ्यांना माहीत आहे. हवा दाबली की तापते, त्याला इलाज नाही. टर्बोचं चाक हवेला घुसळतंही, त्यामुळे ती आणखी तापते. किती, ते मांडून बघू. बाहेर ३५ अंश आहेत आणि टर्बोने हवा एक बारने दाबली, म्हणजे एकूण दाब दुप्पट झाला. चाक १०० टक्के कार्यक्षम असतं, तर हवा १०२ अंशांवर गेली असती. प्रत्यक्षात ते ७० टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून हवा निघते १३१ अंशांना. तापलेली हवा फुगते. तो फुगवटा वजा केला, तर आत शिरणारी हवा वजनाने दुप्पट न होता १.५२ पट होते. उरलेलं सगळं काट्यावर दिसतं, सिलिंडरमध्ये नाही.

इथे इंटरकूलर लागतो. दिसायला रेडिएटरसारखाच, आतून दाबलेली हवा जाते आणि बाहेरून वारा. बरा इंटरकूलर टर्बोने वाढवलेल्या ९६ अंशांतले ७० टक्के काढून घेतो, म्हणजे १३१ ची हवा ६४ वर येते. त्याच्या आतल्या जाळीतून जाताना दाबही थोडा पडतो, समजा ०.१ बार. तरी हवा १.७४ पट होते. टर्बोला हातही न लावता हवेत चौदा टक्के वाढ. आता उष्णतेचा हिशेब: त्या २२५ ग्रॅम हवेतून ६७ अंश काढायचे म्हणजे सुमारे १५ किलोवॅट बाहेर टाकायचे. तीन किलोवॅटचे पाच इन्स्टंट गीझर एकाच वेळी चालू करा, तेवढी उष्णता. बंपरमागच्या त्या अॅल्युमिनियमच्या ठोकळ्याला ती वाऱ्यावर सोडायची असते, आणि खंबाटकीत ट्रकामागे उभ्या गाडीला वाराच नसतो.

या एका ठोकळ्याने किती फरक पडतो हे पोर्शेच्या गाडीत छान दिसतं. १९७५ मध्ये विक्रीला आलेली ९११ टर्बो तीन लिटरची, २६० हॉर्सपॉवरची होती, आणि तिला इंटरकूलर नव्हता. १९७८ च्या मॉडेलला मागच्या पंखाखाली इंटरकूलर बसवला आणि ताकद ३०० झाली. ‘बघा, चाळीस घोडे वाढले’ असं म्हणून पुढे जायचा मोह होतो, पण ते खरं नाही. इंजिनही ३.३ लिटरचं झालं होतं, आणि आकाराच्या त्या दहा टक्के वाढीने ताकदीची पंधरा टक्के वाढ बऱ्यापैकी भागते. मला जास्त बोलका वाटतो तो तिसरा आकडा. पहिल्या गाडीत पिस्टन हवा साडेसहा पट दाबत होता, दुसरीत सात पट. पहिल्या वेळी इंजिनिअरांनी आतला दाब मुद्दाम इतका खाली ठेवला होता, कारण गरम हवेला त्याहून जास्त आवळणं धोक्याचं होतं.

तो धोका म्हणजे नॉकिंग. स्पार्क प्लगने ठिणगी टाकली की ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शिस्तीत पसरायला हवी. पण कोपऱ्यातलं मिश्रण आधीच फार तापलेलं असेल, तर ज्योत पोचायच्या आत ते आपणहून भडकतं. डब्यात खिळे घालून हलवल्यासारखा आवाज येतो, आणि तो बराच वेळ चालला तर पिस्टनच्या कडा झिजतात, भोकं पडतात. इंटरकूलरचा खरा उपकार इथे आहे. पिस्टन हवा नऊ-दहा पट दाबतो तेव्हा सुरुवातीचा प्रत्येक अंश शेवटी दुपटीहून अधिक होऊन उभा राहतो. आत शिरताना ६७ अंश कमी असलेली हवा ठिणगीच्या क्षणी १४० अंश थंड असते. हल्लीच्या गाड्यांत नॉकिंग ऐकणारा सेन्सर असतो. चाहूल लागली की कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो, ताकद मुकाट्याने कमी होते. माझी गाडी घाटात हेच करत होती. तिला दोष देण्यात अर्थ नव्हता, ती स्वतःचे पिस्टन वाचवत होती.

आता टर्बो बदलण्याकडे. प्रत्येक टर्बोचा एक नकाशा असतो: आडवा हवेचा प्रवाह, उभं दाबाचं गुणोत्तर, आणि मध्ये एकात एक वलयं. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना ती समोच्च रेषांसारखीच वाटतील, फक्त इथली उंची कार्यक्षमतेची. माथ्यावर ती ७५ टक्क्यांच्या आसपास असते, आणि खाली उतरत गेलं की ६० टक्के. डाव्या कड्यापलीकडे हवा चाकावरून उलटी फिरते, उजव्या टोकाला चाक गुदमरतं. कंपनीने दिलेला टर्बो छोटा असतो, कारण तो शहरात कमी आरपीएमलाही चटकन फिरावा लागतो. त्यालाच नुसत्या रिमॅपने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलून, दीड बार करायला लावलं, की तो उजव्या उतारावर घसरतो. साठ टक्क्यांना हवा १८९ अंशांवर जाते. बूस्टचा काटा दीडपट वर चढला, पण हवा १.५२ पटींची झाली फक्त १.६७ पट. जेमतेम नऊ टक्के. हाच दीड बार मोठ्या टर्बोने माथ्यावर राहून दिला, तर हवा १५८ अंशांना निघते आणि १.७९ पट भरते. एकच काटा, एकच आकडा, पण हवा वेगळी. गॅरेजमध्ये ‘किती बूस्टवर चालवतोस?’ असं विचारतात तेव्हा हा नकाशा कोणाच्या डोळ्यांपुढे नसतो.

शिवाय दाबण्याचं काम फुकट होत नाही. आपल्या ड्रमभर हवेला एक बार दाबायला मुठीत मावणाऱ्या त्या चाकाला जवळपास ३० हॉर्सपॉवर लागतात, एखाद्या लहान ट्रॅक्टरची ताकद. ती जळक्या वायूकडून येते, पण त्यासाठी एक्झॉस्टची वाट अडवावी लागते, आणि पिस्टनला वायू बाहेर ढकलताना तेवढा जोर जास्त लावावा लागतो. मोठ्या टर्बोत ही वाट रुंद असते. बदललेल्या टर्बोचा फायदा बऱ्याचदा थंड हवेपेक्षाही या मोकळ्या घशातून जास्त येतो.

मग सगळे मोठाच का नाही लावत? कारण चाक वेगात यायला वेळ लागतो. त्याच घडणीचं आणि त्याच धातूचं चाक व्यासाने फक्त दहा टक्के मोठं केलं, तर ते फिरवायला लागणारा जडपणा ६१ टक्क्यांनी वाढतो, कारण तो व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतो. पाय दाबल्यावर ‘एक, दोन...’ मोजायला लावणारा तो लॅग इथून येतो. मोठ्या इंटरकूलरलाही लॅगचा दोष देतात, पण त्यात फारसं तथ्य नाही. सेकंदाला शंभर-दोनशे लिटर हवा वाहत असताना चार-पाच लिटर जास्तीची जागा भरायला असा कितीसा वेळ लागणार?

हा जडपणा हटवायला निस्साननी एक धाडस केलं. १९८९ च्या स्कायलाइन जीटी-आरमध्ये २.६ लिटरच्या सहा सिलिंडरना दोन टर्बो होते, आणि एक्झॉस्टकडची चाकं सिरॅमिकची. वजन धातूच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे झटकन फिरायची. जपानी कंपन्यांच्या आपसातल्या समजुतीमुळे कागदावर ताकद २८० हॉर्सपॉवरच लिहिलेली, पण इंजिन त्याहून कितीतरी जास्त सोसणारं होतं. लोकांनी बूस्ट वाढवला, आणि इंजिन टिकलं, पण सिरॅमिक ठिसूळ निघालं. वाढलेल्या वेगाने आणि उष्णतेने चाक शाफ्टवरून सुटायचं आणि त्याचे तुकडे व्हायचे. कंपनीला हे माहीत असावं, कारण १९९० मध्ये शर्यतीसाठी काढलेल्या खास आवृत्तीत तिने पोलादी चाकं घातली होती. शर्यतीच्या तयारीत त्याच इंजिनाने ५०० हून जास्त हॉर्सपॉवर दिले, आणि जपानच्या टूरिंग कार मालिकेत १९९० ते १९९३ या काळात या गाडीने २९ पैकी २९ शर्यती जिंकल्या. आजही ही गाडी घेणारा जाणकार आधी टर्बोचं विचारतो.

इंटरकूलर निवडताना ओढाताण दोन्ही बाजूंनी असते. आतली जाळी दाट घेतली तर हवा छान थंड होते पण दाब पडतो. तो भरून काढायला टर्बोला जास्त फिरावं लागतं आणि तो आणखी गरम हवा देतो. जाळी विरळ घेतली तर दाब टिकतो, पण उष्णता निघत नाही. जाड ठोकळा पुढे लावला, तर मागच्या रेडिएटरचा वारा अडतो आणि उन्हाळ्यात पाण्याच्या तापमानाचा काटा चढायला लागतो. मला विचाराल तर जाडीपेक्षा समोरचं क्षेत्रफळ वाढवावं, आणि बंपरमधून आलेली हवा बाजूने पळून न जाता जाळीतूनच जावी म्हणून पत्र्याची किंवा फोमची आडकाठी करावी. दोनशे रुपयांच्या त्या फोमबद्दल कोणी फोटो टाकत नाही, ही गोष्ट वेगळी.

आपल्याकडे पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. बाष्प होताना इथेनॉल पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं, त्यामुळे नॉकिंगच्या बाबतीत ते उलट मदतच करतं. मात्र त्याला हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त सोडावं लागतं. जुन्या पेट्रोलवर बेतलेला रिमॅप त्यावर तसाच चालवू नये. आणि हो, मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार आरसीवरच्या मूळ माहितीशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. रस्त्यावरच्या गाडीत हे सगळं करणाऱ्याने आरटीओचा विचार आधी करावा.

इंटरकूलरची गरज कधी लागते याचा सगळ्यात चोख दाखला पुन्हा पोर्शेचाच आहे. १९७३ ची ९१७/३० ही शर्यतीची गाडी ५.४ लिटरच्या बारा सिलिंडरांतून अकराशेच्या आसपास हॉर्सपॉवर द्यायची, इंटरकूलरशिवाय. ती जिथे धावायची त्या कॅन-अॅम या उत्तर अमेरिकेतल्या शर्यत मालिकेच्या ट्रॅकवर वळणं होती. दर काही सेकंदांनी पाय उठायचा, इंजिनाला श्वास मिळायचा. ऑगस्ट १९७५ मध्ये तीच गाडी मार्क डोनोह्यू यांनी अलाबामातल्या टॅलाडेगाच्या लंबगोल ट्रॅकवर वेगाच्या विक्रमासाठी उतरवली. तिथे पाय उठवायला जागाच नव्हती. त्या दिवशी तिला इंटरकूलर लावला होता, आणि फेरी ताशी ३५५ किलोमीटरच्या वर गेली.