दोन मास्तर, एक वर्ग

जानेवारीतली रात्र. हिंगणघाटकडचं एक जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना, फाटकाबाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग आणि आत पॅनलसमोर लॅपटॉप उघडून बसलेलो मी. काम किरकोळ होतं. नव्या वीजमीटरचे आकडे पीएलसीकडे, म्हणजे कारखाना चालवणाऱ्या कॉम्प्युटरकडे, पोचत नव्हते, ते का एवढंच बघायचं. मीटरला जाणाऱ्या दोन तारांवर लॅपटॉपच्या यूएसबीला लावलेल्या माझ्या कन्व्हर्टरच्या दोन तारा अडकवल्या, लॅपटॉपमधला प्रोग्राम सुरू केला आणि आकडे धडाधड यायला लागले. मी खूश. अर्ध्या मिनिटात मागून ऑपरेटरची हाक आली, "सायेब, डिस्प्लेवर नुसत्या चांदण्याच येऊन राहिल्या ना!" पाठोपाठ सक्शनचा पंखा थांबला आणि पाइपातला कापूस जिथल्या तिथं बसला.

पाइप उघडून तो कापूस हातानं उपसायला पोरांना पाऊण तास लागला. तेवढा वेळ सरकी काढणारी यंत्रं, म्हणजे सगळे रेचे बंद, गाठी बांधणारी प्रेस बंद, बाहेर शेतकरी शेकोटीभोवती. चूक पूर्णपणे माझी होती, आणि ती कशी झाली हे सांगण्यासारखं आहे.

पीएलसी हा दिसायला छोटा, पण दणकट कॉम्प्युटर. पंख्यांचा वेग बदलणारे ड्राइव्ह, मीटर, वजनकाटा ही सगळी मंडळी त्याला एकाच तारेच्या जोडीनं जोडलेली असतात. आरएस-४८५ असं त्या जोडणीचं नाव, आम्ही नुसतं 'फोर एट्टी फाइव्ह' म्हणतो. दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ दिलेला असतो. शेजारच्या मोठ्या मोटरनं काही खळबळ केलीच, तर ती दोन्ही तारांवर जवळपास सारखीच उमटते. ऐकणारं यंत्र बघतं ते फक्त दोन तारांमधला फरक, म्हणून खळबळ आपोआप वजा होते. फरक ०.२ व्होल्टचा असला तरी पुरतो. त्यामुळे ही साधी जोडी १२०० मीटरपर्यंत निरोप पोचवते. कोणती तार 'ए' आणि कोणती 'बी' यावर मात्र कंपन्यांचं अजून एकमत नाही. उलट्या लावल्या तर सहसा काही जळत नाही, फक्त उत्तर येत नाही आणि आपण तासभर भलतीकडेच शोधत बसतो.

या तारांवर बोलायची भाषा बहुतेक ठिकाणी मॉडबस. मॉडिकॉन कंपनीनं ती १९७९ मध्ये आणली. तिची पद्धत शाळेतल्या हजेरीसारखी आहे. मास्तर एक, पोरं अनेक. मास्तरांनी नंबर पुकारला की त्याच पोरानं उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. आपणहून कोणी बोलायचं नाही. इथं मास्तर पीएलसी.

त्या रात्री माझ्या लॅपटॉपनं मीटरला विचारलेला प्रश्न अक्षरशः असा होता: ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी. पहिला आकडा पोराचा नंबर. दुसरा हुकूम, ०३ म्हणजे 'वाचून दाखव'. पुढचे दोन सांगतात कुठून वाचायचं, त्यापुढचे दोन सांगतात किती रकाने. शेवटचे दोन हा ताळा. वाटेत एक जरी अक्षर बिघडलं तरी ताळा जुळत नाही आणि ऐकणारं यंत्र तो निरोप मुकाट्यानं टाकून देतं. आठ बाइटांचा प्रश्न, सेकंदाला ९६०० बिट या नेहमीच्या वेगानं साधारण नऊ मिलिसेकंदांत संपतो. विचारतोय कोण, हे मात्र या आठ बाइटांत कुठंच नाही.

म्हणजे मी काय केलं, तर भरल्या वर्गात दुसरा मास्तर होऊन शिरलो आणि हजेरी घ्यायला लागलो. पीएलसी सहा नंबरला विचारतोय, त्याच क्षणी मी एक नंबरला. दोघांचे निरोप तारेवर एकमेकांत मिसळले, ताळे चुकले, कोणीच उत्तर देईना. सक्शनच्या ड्राइव्हमध्ये एक सेटिंग होतं: ठरावीक सेकंदांत मास्तरांचा धड आवाज आला नाही तर थांबायचं. मास्तर बेशुद्ध पडला असेल तर आपण फिरत राहणं धोक्याचं, हा त्यामागचा विचार. ड्राइव्ह शहाण्यासारखा वागला. वेंधळा मीच.

करायला काय हवं होतं? मीटर लाइनवरून सोडवायचा आणि त्याच्याशी एकट्याशी बोलायचं. नाहीतर पीएलसीच्या वेगळ्या पोर्टवर लॅपटॉप लावायचा. किंवा लॅपटॉपवर फक्त ऐकणारा प्रोग्राम चालवायचा, जो तारेवरचं सगळं टिपतो पण स्वतः चकार शब्द काढत नाही. नव्या पॅनलमध्ये इथरनेट असतं, तिथं अशी टक्कर होत नाही. पण लॅपटॉपला चुकून पीएलसीचाच आयपी पत्ता दिला, की एका पत्त्याची दोन घरं होतात आणि पोस्टमन कधी इकडे येतो, कधी तिकडे.

आमच्याकडे आणखी एक भानगड आहे, ती मातीची. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. अर्थिंगच्या सळईभोवतीची मातीही आक्रसते आणि सळई सोडून बाजूला होते. मग पॅनलचं अर्थिंग आणि ऑफिसातल्या सॉकेटचं अर्थिंग यांच्यात चांगला व्होल्टांचा फरक पडतो. लॅपटॉपचा चार्जर ऑफिसच्या बोर्डात, कन्व्हर्टर पॅनलमध्ये, म्हणजे तो फरक थेट आपल्या यूएसबी पोर्टातून वाट काढणार. फोर एट्टी फाइव्हच्या चिपला जमिनीच्या मानानं उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच सोसतात. माझे दोन कन्व्हर्टर ऐन मे महिन्यात असेच गेले. आता मी चार्जर काढून, बॅटरीवरच काम करतो आणि आयसोलेटेड कन्व्हर्टर वापरतो. त्याच्या अनेक प्रकारांत निरोप प्रकाशाच्या रूपानं पलीकडे जातो, मधे तांब्याचा दुवाच नसतो. अर्थिंगच्या खड्ड्यात घागरभर पाणी ओतायलाही सांगतो.

नवख्या पोरांना मी सगळ्यात आधी एक शब्द शिकवतो. मोबाइलवर डाउनलोड म्हणजे आपल्याकडे आणणं. पीएलसीच्या दुनियेत नेमकं उलटं: डाउनलोड म्हणजे लॅपटॉपमधला प्रोग्राम पीएलसीत घालणं, अपलोड म्हणजे त्यातला काढून घेणं. चालू प्रोग्रामची प्रत काढून ठेवावी म्हणून कोणी भाबडेपणानं 'डाउनलोड' दाबलं, तर लॅपटॉपमधली जुनी-पानी फाइल चालू प्रोग्रामवर जाऊन बसते. स्क्रीनवर 'खात्री आहे का?' असं येतं, आणि आपल्या सगळ्यांना 'हो' दाबायची सवय.

आणि तो 'विचारतोय कोण'चा मुद्दा. मॉडबस आली तेव्हा तार कारखान्याच्या भिंतीबाहेर जात नव्हती, ओळख विचारायची कोणाला गरज वाटली नाही. आज माझा लॅपटॉप सकाळी जिनिंगमध्ये, दुपारी दालमिलमध्ये आणि रात्री घरी पोराच्या प्रोजेक्टला. गुलाबी बोंडअळी कापसातून जिनिंगात येते, तिथं तिचे पतंग होतात आणि आसपासच्या शेतांत जातात, म्हणून तर जिनिंगच्या आवारात कामगंध सापळे लावतात. कॉम्प्युटरची अळी, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, माझ्या बॅगेतून जाते. २०१० मध्ये उघडकीला आलेली स्टक्सनेट ही अशीच अळी. इराणमधल्या नतान्झच्या युरेनियम प्रकल्पाचं नेटवर्क इंटरनेटपासून तुटलेलं होतं, तरी ती आत पोचली. सीमेन्सचे पीएलसी प्रोग्राम करणारे विंडोज कॉम्प्युटर तिनं गाठले, तिथून सेंट्रिफ्यूज, म्हणजे तिथली गरगर फिरणारी यंत्रं, चालवणाऱ्या ड्राइव्हचे वेग बदलले, आणि ऑपरेटरला मात्र सगळं ठीक असल्याचे आकडे दाखवत राहिली. ड्राइव्ह म्हणजे तीच जात, जी आमचा सक्शनचा पंखा फिरवते.

हल्ली कामाचा लॅपटॉप मी वेगळा ठेवतो, पोरानं कितीही रडारड केली तरी. त्या जिनिंगात अजून जातो. ऑपरेटर तोच आहे. मी बॅग उघडली की तो पॅनलच्या दाराशी आडवा उभा राहतो.

"सायेब, आज आयकाले आले का बोलाले?"

"आयकाले," मी म्हणतो आणि चार्जरची पिन काढतो.