ऑप्टिक नर्व्हची गाठ : तुकडा न काढता केलेलं निदान

गाठ म्हटली की तुकडा काढून तपासायला पाठवायचा, ही नेहमीची रीत. डोळ्याला दिसलेलं मेंदूकडे नेणारी डोळ्यामागची नस म्हणजे ऑप्टिक नर्व्ह; तिला ही रीत सहसा लागू होत नाही. ही नस जेमतेम पाच सेंटिमीटरची, पण तिच्यात दहा लाखांच्या वर तंतू. तुकडा काढायचा तर तेच कापले जाणार, आणि तुटलेला तंतू पुन्हा वाढत नाही. म्हणून इथलं निदान बघूनच करावं लागतं.

१८५१ साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत डोकावायचं उपकरण, ऑफ्थॅल्मोस्कोप, मांडलं आणि जिवंत डोळ्याच्या आत नसेचं टोक दिसू लागलं: सुजलेलं की फिकट पडलेलं, एवढंच. मागची नस मात्र अंधारातच. एक्स-रेमध्येही नस दिसत नसे. ती ज्या भोकातून कवटीत शिरते ते रुंदावलंय का, यावरून तर्क करायचा.

गाठी मुख्यतः दोन. ग्लायोमा नसेतूनच उगवतो, बहुधा लहान मुलांत. मेनिंजिओमा तिच्या आवरणातून, जास्त करून मध्यमवयीन बायकांत. १९६९ मध्ये हॉइट आणि बगदासारियन या डॉक्टरांनी मुलांमधल्या ग्लायोमाचा बरीच वर्षं मागोवा घेऊन दाखवलं, की यातल्या कित्येक गाठी वाढायच्या थांबतात. म्हणजे प्रत्येक गाठ कापायची घाई नको. माझ्या मते खरं वळण हेच. यंत्रं नंतर आली.

१९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला, पुढे एमआरआय आला. डोळ्याच्या खोबणीतली चरबी एमआरआयमध्ये लखलखते आणि नसेला झाकून टाकते. तिची चमक दाबायची युक्ती सापडल्यावर चित्र स्वच्छ झालं. मेनिंजिओमात नसेच्या दोन्ही कडांना रुळांसारख्या पांढऱ्या रेघा दिसतात, ग्लायोमात नसच फुगून वाकडी होते. मुलाच्या अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग असले तर न्यूरोफायब्रोमॅटोसिसचा, म्हणजे ज्या आनुवंशिक आजारात असे ग्लायोमा होतात त्याचा, संशय बळावतो. त्याचं जनुक १९९० मध्ये सापडलं.

तरीही चूक होते. नजर अंधुक झाली की आधी नसेची सूज समजून औषध दिलं जातं. सूज असेल तर नजर बहुधा काही आठवड्यांत सुधारू लागते. गाठ असेल तर घसरतच राहते. संशयाची पहिली खूण अजून साध्या टॉर्चनेच मिळते: उजेड चांगल्या डोळ्यावरून आजारी डोळ्यावर नेला, की आकसायच्या ऐवजी दोन्ही बाहुल्या मोठ्या होतात.