क्यूआर कोडयुक्त पाठ्यपुस्तके

धड्याच्या किंवा घटकाच्या शेजारी छापलेला चौकोनी संकेत मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचला असता त्या घटकाशी संबंधित ध्वनिफीत, चित्रफीत, सरावप्रश्न किंवा अन्य पूरक साहित्य उघडते, अशा छापील शालेय पुस्तकांना क्यूआर कोडयुक्त पाठ्यपुस्तके म्हणतात. महाराष्ट्रात ही पुस्तके पुण्याच्या ‘बालभारती’मार्फत, म्हणजे १९६७ साली स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळामार्फत, प्रसिद्ध होतात. शिक्षणातील डिजिटल प्रयोग बहुधा उपकरणापासून सुरू होतात आणि उपकरण नसलेले मूल तिथेच मागे पडते. या पद्धतीची सुरुवात मात्र प्रत्येक मुलाच्या दप्तरात आधीच असलेल्या पुस्तकापासून होते, आणि हेच तिचे खरे महत्त्व आहे.

क्यूआर कोड जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. त्याच्या तीन कोपऱ्यांतील मोठ्या चौकोनांवरून कॅमेऱ्याला संकेताची दिशा कळते. माहिती काहीशा पुनरुक्तीसह साठवलेली असल्याने, निवडलेल्या पातळीनुसार, संकेताचा ७ ते ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. वर्षभर हाताळल्या जाणाऱ्या, डाग पडणाऱ्या आणि कोपरे दुमडणाऱ्या शालेय पुस्तकाच्या दृष्टीने हा गुण मोलाचा ठरतो. शासकीय पुस्तकांतील संकेत ‘दीक्षा’ या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय डिजिटल मंचाशी जोडलेले असतात. संकेताखाली छापलेली सहा अक्षर-अंकांची खूण हाताने टाइप करूनही साहित्य उघडता येते. साहित्य पुस्तकात नसून मंचावर असल्याने पुस्तक पुन्हा न छापता त्यात सुधारणा करता येते. याच कारणाने त्याची निगा हे कायमचे काम होऊन बसते, कारण दुवा तुटला की पानावरचा संकेत निरुपयोगी होतो.

या कल्पनेच्या प्रसाराशी सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे नाव जोडलेले आहे. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी पुस्तकांना क्यूआर कोड जोडून कविता, व्याख्याने आणि स्वाध्याय उपलब्ध करून दिले. पुढे राज्याने ही पद्धत पाठ्यपुस्तकांत स्वीकारली, आणि ‘एनसीईआरटी’ या राष्ट्रीय पातळीवर पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या संस्थेच्या पुस्तकांतही असे संकेत आले. डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. १० लाख डॉलर रकमेच्या या पुरस्काराचा निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना दिला. एका लहान गावातील प्राथमिक शिक्षकाचा प्रयोग राज्यभरच्या पुस्तकांत जावा, असे भारतीय शालेय शिक्षणात क्वचितच घडले आहे.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्यावर या पुस्तकांची खरी कसोटी लागली. शिक्षक व्हॉट्सॲप गटांवर अभ्यास आणि दुवे पाठवू लागले. वर्ग, गृहपाठ आणि पालकसभा या तिन्ही गोष्टी एकाच समाजमाध्यमावर आल्या. शाळा सुरू झाल्यानंतरही अनेक ठिकाणी असे गट चालूच राहिले. त्या काळात दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर आधारलेली ‘टिलीमिली’ ही मालिका दाखवली गेली. मोबाइल नसलेल्या घरांपर्यंत पोहोचण्याचा तो महत्त्वाचा मार्ग होता.

कारण पुस्तक मुलाचे असले तरी मोबाइल घरातल्या मोठ्या माणसाचा असतो. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात शाळेत नोंदलेल्या मुलांपैकी घरी स्मार्टफोन असलेल्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले. वाढ मोठी असली तरी घरात फोन असणे आणि तो अभ्यासाच्या वेळी मुलाच्या हाती असणे यांत अंतर आहे. रोजंदारीवर जाणाऱ्या पालकाबरोबर फोनही दिवसभर बाहेर जातो. शिवाय धडा उघडणारा फोन समाजमाध्यमांचाही असतो. २०२४ च्या ‘असर’ अहवालात १४ ते १६ वर्षांच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी सुमारे ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात तो शिक्षणाशी संबंधित कामासाठी, तर सुमारे ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे आढळले.

म्हणूनच प्राथमिक वर्गांत हे संकेत शिक्षकाने स्वतःच्या फोनवर उघडून साऱ्या वर्गाला ऐकवणे किंवा दाखवणे अधिक उपयोगाचे ठरते. ‘दीक्षा’ ॲपमधील साहित्य आधी उतरवून ठेवता येत असल्याने नेटवर्क नसलेल्या वाडी-वस्तीवरील शाळेतही ते वापरता येते.