प्रीगाबालिन : मणक्याच्या दुखण्यातील वापर व सुरक्षितता

प्रीगाबालिन हे मज्जातंतूंच्या वेदनेवरील औषध. ते अफूवर्गातले नाही आणि डायक्लोफेनॅकसारखे सूज उतरवणारेही नाही. सोलापुरात ‘मणक्यात गॅप आहे’, ‘नस दबलीय’ असे ऐकून घरी आलेल्या माणसाच्या पिशवीत ही कॅप्सूल अनेकदा सापडते, बऱ्याच वेळा मिथाइलकोबालामिनच्या (ब-१२ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) जोडीने. घरोघरी तिचे नाव ‘नसांची गोळी’.

मज्जातंतूंवरील कॅल्शियम-मार्गिकांच्या (कॅल्शियम आत सोडणाऱ्या वाटांच्या) एका घटकाला चिकटून ती वेदनेचा निरोप मंद करते. अमेरिकेत २००४ मध्ये तिला मान्यता मिळाली ती मधुमेही मज्जातंतुविकार आणि नागिणीनंतरच्या वेदनेसाठी; मज्जारज्जूच्या इजेचा समावेश २०१२ मध्ये झाला. सायटिकाची, म्हणजे कमरेत नस दबून पायात जाणाऱ्या कळेची, बाजू मात्र लंगडी आहे. ऑस्ट्रेलियात २०९ रुग्णांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध चाचणीत पायातली कळ औषध नसलेल्या, तुलनेसाठी दिलेल्या नकली गोळीपेक्षा जास्त कमी झाली नाही, चक्कर तेवढी वाढली.

झोप आणि चक्कर हेच मुख्य दुष्परिणाम. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याला, दुचाकीवरून घरी परतणाऱ्याला ते भोवतात. पायांवर सूज येते, वजन वाढते. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईला पाय सुजले की ‘बसून बसून झालं’ असे वाटते, गोळीचा संशय कुणाला येत नाही. मधुमेहासाठी पायोग्लिटाझोन चालू असेल तर ही सूज आणखी वाढते. औषध लघवीवाटे जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडते. त्यामुळे मूत्रपिंड अधू असेल तर मात्रा कमी करावी लागते.

दारू, झोपेच्या गोळ्या, ट्रामाडॉल (अफूवर्गातले वेदनाशामक) किंवा कोडीन असलेले खोकल्याचे औषध यांच्या जोडीने श्वास मंदावू शकतो. वृद्ध आणि दमेकरी यांना धोका अधिक. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये तसा इशारा दिला. सवय लागण्याच्या शक्यतेमुळे ब्रिटनने त्याच वर्षी तिला नियंत्रित औषधांत घातले. बरे वाटले किंवा पगार लांबला म्हणून गोळी एकदम सोडल्यास झोप उडते, घाम सुटतो, मळमळते. फिट्स येणाऱ्याला झटका येऊ शकतो. निदान आठवडाभर घेऊन मात्रा उतरवतात. मन खचणे, आत्महत्येचे विचार येणे ही लक्षणे दिसताच डॉक्टरांना कळवावे. गर्भारपण असेल किंवा ठरत असेल तर तेही आधीच सांगावे.

लघवी अडणे, शौचावरचा ताबा सुटणे, बैठकीची जागा बधिर होणे ही मात्र गोळीने थोपवायची लक्षणे नव्हेत. तेव्हा त्याच दिवशी ‘सिव्हिल’ किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे लागते.