तरीतून आलेला शब्द

दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर धोपावे दिसतं, मधे वाशिष्ठीची खाडी. आता फेरीबोट गाड्यांसकट पलीकडे नेते, पण पूर्वी होती ती 'तर', म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी होडी. 'ट्रान्सजेंडर' (जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा जिची स्वतःची लिंगओळख वेगळी आहे अशी व्यक्ती) हा इंग्रजी शब्द माझ्या डोक्यात नीट बसला तो या तरीमुळे.

'ट्रान्स' हा लॅटिन उपसर्ग, अर्थ 'पलीकडे'. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं संस्कृतातल्या 'तॄ' धातूशी जोडतात. तरणं, तारणं, तारू, तर ही सगळी त्याच धातूची पोरं. उलट बाजूचा उपसर्ग 'सिस', म्हणजे 'अलीकडे'. आल्प्सच्या अलीकडचा गॉल प्रांत रोमनांसाठी 'सिसाल्पिना', पलीकडचा 'ट्रान्साल्पिना'. आपलं घाटाखाली-घाटावर तसंच की! रसायनशास्त्रानंही ही जोडी उचलली. रेणूतल्या दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला दोन गट असले तर सिस, विरुद्ध बाजूंना असले तर ट्रान्स. वनस्पती तुपातलं 'ट्रान्स फॅट' ते हेच.

'जेंडर' मात्र घरचाच निघतो. लॅटिन 'गेनुस' म्हणजे प्रकार, आणि तो संस्कृत 'जन्'चा भाऊबंद. हापूस ही आंब्याची जात म्हणतो, त्यातल्या 'जात'चाही. इंग्रजीत शेकडो वर्षं 'जेंडर' मुख्यतः व्याकरणात रमला होता, आणि व्याकरणाचं लिंग देहाला फारसं विचारत नाही. मालवणीत चेडू, म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी; जर्मन भाषेतली मुलगी, 'मेडशेन', तीही नपुंसकलिंगी. यावरून कुणी भांडत नाही.

१९५५ साली जॉन मनी या मानसशास्त्रज्ञानं 'जेंडर' माणसाच्या वागण्याजगण्याला लावला. १९६५ मध्ये जॉन ऑलिव्हन या डॉक्टरांच्या लिखाणात 'ट्रान्सजेंडरिझम' आला. 'सिस' मात्र मागाहून. १९९१ साली फोल्कमार झिगुश या जर्मन लैंगिकतातज्ज्ञानं 'सिससेक्शुअल' वापरला, त्याच दशकात इंग्रजीत 'सिसजेंडर' (जिची लिंगओळख जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाशी जुळते अशी व्यक्ती) रुळू लागला आणि ऑक्सफर्डच्या कोशात तो शिरला २०१५ मध्ये. उशीर झाला यात नवल नाही. आपण उभे असतो त्या काठाला नाव द्यायचं कुणाला सुचतं? काहींना 'सिस' शिवीसारखा लागतो. पण धोपाव्याच्या माणसाला दाभोळच पल्याड!

मराठीत ट्रान्सजेंडरला 'पारलिंगी' म्हणतात. पार म्हणजे पैलतीर, अगदी चपखल. मग सिसजेंडरला 'ऐललिंगी' का नको? जिभेला जरा अडखळायला होतं खरं, पण 'सिसजेंडर' तरी कुठे सरळ उच्चारता येतो?